'शाऊट' : ओरडणे, हाक की जयघोष?

(शब्दाभ्यास – मंडळीतील सभासद व रविवार शाळेच्या शिक्षकांसाठी)

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत शिकतात. घरी मराठी, बाहेर कानडी, हिंदी, गुजराती किंवा तेलुगू आणि वर्गात इंग्रजी, अशी त्यांची रोजची रीत असते. रविवारच्या शाळेत येताना त्यांच्यापैकी काहींच्या हाती इंग्रजी पवित्र शास्त्र असते आणि शिक्षकाला शब्दांचे अर्थ विचारले जातात. कठीण शब्दांसाठी आपण कोश उघडतो. सोप्या वाटणाऱ्या शब्दांसाठी मात्र उघडत नाही, आणि गैरसमज होतो तो बहुधा तेथेच.

'शाऊट' हा असाच एक शब्द. त्याचा अर्थ विचारला की आपण चटकन 'ओरडणे' असे सांगून पुढे जातो. कोशाच्या दृष्टीने हे उत्तर चूक नाही. पण मुलाच्या कानाला 'ओरडणे' म्हणजे काय? "बाई मला ओरडल्या" असे मूल घरी येऊन सांगते, तेव्हा बाईंचा आवाज मोठा होता एवढेच त्याला सांगावयाचे नसते. बाई रागावल्या, हे सांगावयाचे असते. हाच अर्थ घेऊन ते मूल इंग्रजी शास्त्र वाचू लागले, की यरीहोजवळ इस्राएल लोक चिडून ओरडले, स्तोत्रकर्ता साऱ्या पृथ्वीला आरडाओरडा करावयास सांगतो आणि प्रभू येईल तोही आपल्यावर ओरडतच येईल, असे चित्र त्याच्या मनात उभे राहते. एका शब्दाच्या घाईच्या अर्थाने देवाविषयीची मुलाची कल्पना बिघडू शकते. म्हणून या शब्दाकडे थोडे सावकाश पाहू.

१. शब्द काय सांगतो आणि काय सांगत नाही

'शाऊट' हा शब्द इंग्रजी लिखाणात १४ व्या शतकापासून आढळतो. त्याच्या मुळाविषयी विद्वानांचे एकमत नाही. कोणी त्याचा संबंध 'शूट', म्हणजे बाण वगैरे सोडणे, या क्रियापदाशी जोडतात. कोणी तो जुन्या नॉर्स भाषेतील टोमणा या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. मूळ काही असो, शब्द स्वतः एकच गोष्ट सांगतो : आवाज मोठा केला. तो रागाने केला, आनंदाने केला, भीतीने केला की केवळ ऐकणारा दूर होता म्हणून केला, हे त्या शब्दात नाही. ते शब्दाच्या पुढे येणाऱ्या लहानशा अव्ययावरून किंवा प्रसंगावरून ओळखावे लागते.

'शाऊट ॲट' म्हणजे एखाद्यावर ओरडणे. येथे राग आहे. 'शाऊट टू' म्हणजे दूरच्या माणसाला ऐकू जावे म्हणून मोठ्याने सांगणे. येथे राग असेलच असे नाही. पलीकडच्या बांधावर उभ्या असलेल्या भावाला "पाऊस येतोय, गुरे आण" असे मोठ्याने सांगितले, तर ते 'शाऊट टू' झाले. तोच भाऊ गुरे न आणता परत आला आणि अंगणात त्याला खडसावले, तर ते 'शाऊट ॲट' झाले. आवाज दोन्ही वेळा सारखाच. फरक पडला तो ऐकणाऱ्याशी असलेल्या नात्यात.

'शाऊट फॉर' याचे दोन अर्थ होतात. 'शाऊट फॉर हेल्प' म्हणजे मदत मिळावी म्हणून ओरडणे आणि 'शाऊट फॉर जॉय' म्हणजे आनंद झाला म्हणून जयघोष करणे. पहिल्यात 'फॉर' हेतू दाखवितो, दुसऱ्यात कारण. 'शाऊट डाउन' म्हणजे बोलणाऱ्याचे बोलणे आपल्या गलक्यात बुडवून टाकणे. एखाद्या सभेत हे आपण पाहिले असेल. अलीकडे मुलांच्या तोंडी 'शाऊट-आउट' हा शब्दही ऐकू येतो. त्यात ओरडणे मुळीच नाही. एखाद्याचे नाव चारचौघांत घेऊन त्याला शाबासकी देणे किंवा त्याचे आभार मानणे, असा त्याचा अर्थ आहे.

ओरडणे नेहमीच असभ्यपणाचे असते, असेही समजू नये. इंग्लंडात १२८५ सालच्या विंचेस्टरच्या कायद्याने, चोरी किंवा दरोडा झाल्यास आरोळी ठोकून लोकांस गोळा करणे आणि त्या आरोळीस धावून जाऊन चोराचा पाठलाग करणे, हे गावकऱ्यांचे कर्तव्यच ठरविले होते. संकटात आवाज उठविणे हे कर्तव्य आणि तो ऐकून धावणे हेही कर्तव्य.

२. याच कुळातील इतर शब्द

इंग्रजीत मोठ्या आवाजासाठी 'शाऊट' एकटा नाही. 'कॉल' म्हणजे हाक मारणे. यात ज्याला हाक मारली तो कोणीतरी ठराविक असतो आणि त्याने ओ द्यावी अशी अपेक्षा असते. 'येल' म्हणजे कर्कश ओरडणे. 'स्क्रीम' म्हणजे किंचाळणे, आणि त्यात बहुधा भीती किंवा वेदना असते. 'येल' या कठोर शब्दाचे मूळ गाणे या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दाशी जोडलेले आहे, आणि 'नाइटिंगेल' या गोड गाणाऱ्या पक्ष्याच्या नावातील शेवटचा भागही त्याच कुळातला आहे. 'क्लेम', 'प्रोक्लेम', 'एक्सक्लेम' हे तिन्ही शब्द मोठ्याने ओरडणे या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदापासून आले. निवडणुकीच्या वेळी कानी पडणारा 'स्लोगन' हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ सैन्याची आरोळी असा आहे.

शिक्षकाने विशेष सांभाळावा असा शब्द म्हणजे 'क्राय'. आजच्या बोलण्यात त्याचा अर्थ मुख्यतः रडणे असा होतो. परंतु १६११ सालच्या किंग जेम्स भाषांतरात तो मोठ्याने हाक मारणे किंवा ओरडणे या अर्थाने वारंवार येतो. योहानाचा ११ वा अध्याय घ्या. ३५ व्या ओवीत येशू रडला असे आहे आणि तेथे इंग्रजीत 'वेप्ट' हा शब्द आहे. ४३ व्या ओवीत त्याने लाजराला मोठ्याने हाक मारली असे आहे आणि तेथे 'क्राइड' हा शब्द आहे. एकाच अध्यायात, एकाच कबरेजवळ हे दोन शब्द येतात. आजचे मूल दुसऱ्या ठिकाणीही प्रभू रडला असेच समजेल, आणि ज्या शब्दात मरणावरचा अधिकार आहे तेथे त्याला फक्त अश्रू दिसतील.

३. मराठीची श्रीमंती

या बाबतीत आपली मराठी मुळीच दरिद्री नाही. हाक, साद, हाळी, आरोळी, ललकारी, पुकारा, किंकाळी, आक्रोश, बोंब, गलका, गोंगाट, गजर, जयघोष, जयजयकार हे सारे मोठ्या आवाजाचेच शब्द आहेत. पण प्रत्येकाची जागा वेगळी. हाक जवळच्याला मारतात, हाळी शेतापलीकडच्याला देतात. किंकाळी न ठरवता तोंडातून निघते, ललकारी ठरवून देतात. गलक्यात कोण काय म्हणतो ते कळत नाही, जयजयकारात सर्वांचा शब्द एक असतो. इंग्रजी जेथे एका 'शाऊट'वर भागवते आणि पुढे एखादे अव्यय जोडते, तेथे मराठीला आरंभीच योग्य शब्द निवडावा लागतो. त्यासाठी प्रसंग समजून घ्यावाच लागतो, आणि हा मोठा लाभ आहे.

आपल्या शेजारच्या भाषांचीही मदत घ्यावी. हिंदीत 'चिल्लाना' आणि 'पुकारना' यांतील भेद इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलांना चांगला ठाऊक असतो. बडोद्याचे मूल 'बूम पाडवी' म्हणते, गोव्याचे 'बोब मारप' म्हणते, बेळगावकडे 'कूगु' हा कानडी शब्द कानावर असतो. "तुम्ही बाहेर खेळताना कोणता शब्द वापरता?" असे विचारले की मुले आपण होऊन अर्थाच्या छटा सांगू लागतात.

४. देशोदेशींचा उपयोग

एकच शब्द निरनिराळ्या लोकांत गेला की त्याचा अर्थ किती बदलतो, याची तीन उदाहरणे देतो.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे 'माय शाऊट' असे कोणी म्हणाले तर तो ओरडत नसतो. या वेळी सर्वांच्या खाण्यापिण्याचे पैसे मी देणार, असे तो सांगत असतो. आपली मुले-नातवंडे त्या देशांत गेली आहेत, त्यांच्या पत्रांतून किंवा फोनवर हा प्रयोग ऐकू आला तर गोंधळू नये.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती बांधवांचे. गुलामगिरीच्या काळापासून जॉर्जिया व दक्षिण कॅरोलायना यांच्या किनारपट्टीवर 'रिंग शाऊट' नावाची उपासनेची रीत चालत आली. प्रार्थनासभा संपली की बाके बाजूस सारीत आणि लोक वर्तुळ करून, टाळ्या व गीत यांच्या तालावर, पाय घाशीत घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील गुलामांच्या गीतांच्या पहिल्या मोठ्या संग्रहात या रीतीचे वर्णन आहे. येथे 'शाऊट' हे नाव त्या फिरण्याला आहे, आवाजाला नाही. हा शब्द मूळ अरबी असावा, असे लोरेन्झो डाऊ टर्नर या भाषापंडिताने सुचविले होते, पण ते सर्वमान्य नाही. ही रीत जिवंत ठेवणाऱ्या जॉर्जियातील 'मॅकिंटॉश काउंटी शाऊटर्स' या मंडळास १९९३ साली अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. ज्यांना धन्यासमोर मान वर करण्याची मुभा नव्हती, त्यांनी देवासमोरच्या आपल्या आनंदाला हे नाव दिले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

तिसरे उदाहरण आपल्या खिशातलेच आहे. मोबाइलवर किंवा ई-मेलमध्ये सर्व इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत लिहिली तर वाचणारा त्याला 'शाऊटिंग' म्हणतो. मंडळीच्या सूचना पाठविणाऱ्या चिटणीसांनी हे जाणून असावे. तोंड बंद ठेवूनही माणसाला ओरडता येते.

५. पवित्र शास्त्रातील मोठा आवाज

आता शास्त्राकडे वळू. इंग्रजीत 'शाऊट' दिसला की तीन प्रश्न विचारावेत : कोण? कोणाला? कशासाठी? उत्तरे मिळाली की मराठी शब्द आपोआप सापडतो.

यरीहो (यहोशवा ६). येथील इब्री शब्द 'तरूआ' आहे. तो लोकांच्या घोषालाही लावतात आणि रणशिंगाच्या आवाजालाही. गणना १० मध्ये लोकांस नुसते एकत्र बोलावण्यासाठी कर्णा फुंकणे आणि तळ हलविण्यासाठी तरूआचा नाद करणे, असा भेद केला आहे. म्हणजे तरूआ हा बेशिस्त आवाज नाही, तो इशारा आहे. १० वी ओवी तर मुद्दाम वाचून दाखवावी. सांगेपर्यंत तोंडातून शब्दही काढू नये, अशी लोकांस आज्ञा होती. सहा दिवस ते मुकाट्याने फिरले. ज्या लोकांना गप्प राहता आले, त्यांच्याच घोषाला तेथे अर्थ आला.

एबन-एजर (१ शमुवेल ४). येथेही तोच शब्द आहे. कराराचा कोश छावणीत आला तेव्हा सर्व इस्राएलांनी असा घोष केला की भूमी दणाणली. पलिष्टी घाबरले. पण लढाईत इस्राएलाचे ३०,००० पायदळ पडले आणि कोशही शत्रूच्या हाती गेला. यरीहोचा आवाज आणि हा आवाज कानाला सारखेच. पहिल्यात आज्ञापालन होते. दुसऱ्यात देवाला न विचारता त्याचा कोश रणात आणला होता. उपासनेचा जोर आवाजावरून मोजू नये, हा धडा या दोन अध्यायांच्या तुलनेतून आपोआप निघतो.

मंदिराचा पाया (एज्रा ३:१०-१३). बंदिवासातून परतलेल्यांनी पाया घातला तेव्हा पुष्कळांनी आनंदाचा गजर केला, आणि ज्या वृद्धांनी पहिले मंदिर पाहिले होते ते मोठ्याने रडले. दुरून ऐकणाऱ्याला कोणता आवाज हर्षाचा आणि कोणता रडण्याचा हे ओळखता येईना. मंडळीत एकाच वेळी दोन्ही आवाज असतात. कोणी कोणाला गप्प केले नाही, हे पाहावे.

स्तोत्र १००. किंग जेम्स भाषांतरात येथे आनंदाचा नाद करा अशा अर्थाचे शब्द आहेत. १९७८ साली पूर्ण झालेल्या न्यू इंटरनॅशनल व्हर्शनमध्ये 'शाऊट' आहे. मूळ इब्री क्रियापद तरूआच्याच धातूचे. राजाच्या स्वागताला लोक करतात तो हा जयजयकार, आणि आपल्या मराठी शास्त्राने हाच शब्द घेतला आहे.

१ थेस्सलनीकाकरांस ४:१६. किंग जेम्समध्ये येथे 'शाऊट' आहे. मूळ ग्रीक शब्द 'केलेउस्मा'. नावाड्यांना वल्ही मारण्यासाठी किंवा सैनिकांना पुढे सरण्यासाठी दिलेला हुकूम, असा त्याचा अर्थ असून नव्या करारात तो एकदाच आला आहे. मराठीत 'आज्ञाध्वनी' हा शब्द योजला आहे, आणि या एका ठिकाणी तरी मराठी वाचक किंग जेम्स वाचणाऱ्यापेक्षा मूळ अर्थाच्या अधिक जवळ आहे. तो आवाज मुलांना घाबरविण्यासाठी नाही. निजलेल्या आपल्या लोकांना उठविणारा तो सेनापतीचा शब्द आहे.

बार्तीमय आणि इफिस. मार्क १० मध्ये आंधळा बार्तीमय ओरडला तेव्हा पुष्कळांनी त्याला दटावले. तो अधिकच ओरडला. येशू थांबला आणि त्याला बोलवा म्हणाला. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिस येथील जमाव सुमारे दोन तास अर्तमीच्या नावाने ओरडत राहिला, आणि आपण कशासाठी जमलो हे त्यांतील बहुतेकांस ठाऊक नव्हते. दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच आहे. एका माणसाला आपली गरज नेमकी ठाऊक होती. त्या हजारोंना नव्हती.

योहानाचे शुभवर्तमान. येथे 'क्रौगाझो' हे क्रियापद लक्षपूर्वक पाहावे. सध्याच्या प्रमाणित ग्रीक पाठानुसार लाजराला मारलेली हाक (११:४३), यरुशलेमात होसान्नाचा घोष (१२:१३), बरब्बाची मागणी (१८:४०) आणि वधस्तंभाची मागणी (१९:६, १५) या सर्व ठिकाणी तेच क्रियापद आहे. न्यू इंटरनॅशनल व्हर्शनने येशूसाठी 'कॉल' आणि लोकांसाठी 'शाऊट' असा भेद केला आहे. अर्थ स्पष्ट करण्यासाठी तो ठीक असला, तरी मूळ ग्रंथकाराने एकच शब्द ठेवून वाचकाला तुलना करावयास लावले आहे. एका मोठ्या आवाजाने मेलेला माणूस बाहेर आला, दुसऱ्याने जिवंताला मरणाकडे ढकलले.

मत्तय १२:१९ येथे यशयाचे जे वचन प्रभूला लावले आहे, त्यातही हेच क्रियापद नकारार्थी आले आहे : तो ओरडणार नाही, रस्त्यांत त्याचा आवाज ऐकू येणार नाही. मग लाजराच्या कबरेशी मोठा आवाज कसा? आपले तीन प्रश्न लावावेत. रस्त्यातले ओरडणे स्वतःचा गवगवा करण्यासाठी असते. कबरेजवळचा आवाज दुसऱ्याला जीवन देण्यासाठी होता, आणि त्यात नाव होते ते लाजराचे.

६. वर्गात

हा धडा केवळ मुलांसाठी नाही. रविवार शाळेत तीस मुले एका खोलीत असली म्हणजे शिक्षकाचाही आवाज चढतो. चढू नयेच असे म्हणता येणार नाही. मागच्या बाकावर ऐकू गेले पाहिजे. पण तो आवाज मुलापर्यंत पोहोचावा म्हणून चढला की मुलावर चढला, हे मूल तत्काळ ओळखते. अव्ययाचा जो भेद व्याकरणात शिकवावा लागतो, तो त्याला कोणी शिकवावा लागत नाही.

तसेच, मंदिरात होसान्ना म्हणून ओरडणाऱ्या मुलांचा प्रसंग (मत्तय २१:१५-१६) विसरू नये. मुख्य याजकांना तो आवाज खपला नाही. प्रभूने मुलांची बाजू घेतली. उपासनेच्या वेळी मुलांना शांत बसावयास शिकविणे योग्यच आहे, परंतु त्यांचा प्रत्येक आवाज म्हणजे उपद्रव, असे समजणे योग्य नाही.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. "ओरडू नकोस" हे वाक्य मुलांना आपण दिवसातून कितीदा ऐकवितो! त्याबरोबर हेही शिकवावे की पाण्यात कोणी बुडत असेल, आग लागली असेल, किंवा कोणी मोठा माणूस तुला नको तेथे स्पर्श करीत असेल किंवा बळेच कोठे नेत असेल, तर तू सर्व शक्तीने ओरड. तो कोणीही असो, ओळखीचा असो वा नात्यातला, तरी ओरड. आणि ओरडल्याबद्दल तुला आम्ही रागावणार नाही. ज्या मुलाला गप्प बसण्याचीच शाबासकी मिळत आली आहे, ते मूल नेमक्या त्या वेळी गप्प बसण्याचा धोका आहे. मूल ओरडले तर आपण काय करतो, हाही प्रश्न आहेच. बार्तीमयाला पुष्कळांनी दटावले, एकजण थांबला. त्या पुष्कळांत आपण नसावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. वरील मराठी शब्दांपैकी पाच निवडा आणि प्रत्येक केव्हा वापरतात ते मुलांना अभिनय करून दाखवावयास सांगा.
२. यहोशवा ६ आणि १ शमुवेल ४ शेजारी ठेवून वाचा. दोन्ही घोषांना कोण, कोणाला, कशासाठी हे तीन प्रश्न लावा.
३. १ राजे १८ मध्ये बआलाचे संदेष्टे सकाळपासून ओरडतात आणि एलीया थोडक्या शब्दांत प्रार्थना करतो. प्रार्थनेतील आवाज आणि विश्वास यांविषयी येथे काय शिकावयास मिळते?
४. आपल्या मंडळीत कोणाची हाक ऐकू येऊनही आपण त्याला गप्प राहावयास सांगितले आहे काय? त्याच्याकडे या आठवड्यात कोण जाईल?